सरड्याची शांत

सरडा आला तो सरकारी गाडीतून, मागच्या सीटवर, पट्टा लावून आणि एसीत. गाडी चालवत आलेले निरीक्षक मिरजकर मात्र घामानं निथळत होते, कारण पुढचा एसी बंद होता. खात्याच्या नियमांत सरड्याच्या तापमानाचा उल्लेख होता, निरीक्षकाच्या नव्हता.

"घोरपडे इथंच राहतात ना?" त्यांनी दारातून विचारलं.

"घोरपडे तिकडं, नागाळा पार्कात," शैलजाबाई म्हणाल्या. "इथं आम्ही शिंत्रे."

"पण केतकी रणधीर घोरपडे..."

"ती माझी मुलगी. कागदावर अजून घोरपडे आहे. ते पुसायलाच तर तुम्ही आलाय की." मग त्यांनी पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. "तिकडंपण एक दिलाय म्हणे? त्याचं बरं आहे. घोरपड्यांच्या घरी सरडा म्हणजे नात्यातच."

केतकी आतून आली आणि तिनं पिंजऱ्याची दुसरी बाजू धरली. ती एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करायची. दुधात पाणी किती, हे ती नमुना बघून सांगायची. नवरा रणधीर आणि आपण, या मिश्रणात काय कमी पडलं हे मात्र तिला बारा वर्षांत सांगता आलं नव्हतं. शेवटी दोघांनी घटस्फोट मागितला. भांडी, फ्लॅट, गाडी यांची वाटणी हसतखेळत झाली. राहिली अकरा वर्षांची रेवती. रणधीरला मस्कतला नोकरी लागली होती आणि रेवतीला बरोबर न्यावं असं त्याचं म्हणणं होतं. केतकीचं म्हणणं होतं की रेवती कोल्हापुरातच राहील, आपल्याजवळ. हे ठरवायला सरडा आला होता.

"याला घरातली सगळ्यात उंच जागा लागते," मिरजकर म्हणाले. "कुणी याच्या वरच्या पातळीवर असलं की हा बिथरतो."

"म्हणजे मोठा साहेबच," शैलजाबाई म्हणाल्या.

पिंजरा लोखंडी कपाटावर चढवला. आत जास्वंदीची कुंडी, फांद्या, उन्हासारखा दिवा. "वाटीत पाणी ठेवू नका, त्याला वाटीतलं पाणी दिसतच नाही. पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून ही सलाईनची नळी. खायला जिवंत रातकिडे, दर आठवड्याला खात्यातून येतील."

"आमच्यात गुरुवारी चालत नाही."

"त्याला चालतं, आजी. हातात घ्यायचं नाही. टक लावून बघायचं नाही, त्याला वाटतं आपल्याला खाणार. बाकी घरचे व्यवहार नेहमीसारखे ठेवा."

"नेहमीसारखे म्हणजे?" केतकीनं विचारलं.

"म्हणजे सरडा नसल्यासारखे."

एवढं सांगून मिरजकर गेले. सरडा एक डोळा केतकीकडे आणि दुसरा शैलजाबाईंकडे लावून बसला. रंग काकवीसारखा.

* * *

सरडा लपण्यासाठी रंग बदलतो अशी आपली समजूत आहे. ही समजूत माणसांनी स्वतःवरून करून घेतली. सरडा मुख्यतः रंग बदलतो तो सांगण्यासाठी. त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात. तो निवांत असला की हे स्फटिक जवळजवळ बसतात आणि निळा प्रकाश परत फेकतात. वरच्या पिवळ्या थरातून तो निळा बाहेर पडला की आपल्याला हिरवा दिसतो. खळबळ झाली की स्फटिक लांब सरकतात आणि पिवळा, तांबडा प्रकाश परततो. आणि भीती बसली की खालच्या पेशींतलं काळं द्रव्य फांद्याफांद्यांनी वर पसरतं आणि सगळ्या रंगांवर पडदा टाकतं.

आता, माणूस ताणाखाली आला की त्याच्या घामातून आणि श्वासातून काही द्रव्यं हवेत मिसळतात. कुत्र्यांना त्यांचा वास येतो, हे जुनं संशोधन आहे. एका प्रयोगशाळेनं कुत्र्याच्या नाकातली ती ओळख पटवणारी जनुकं मादागास्करच्या सरड्यात बसवली आणि त्यांची तार थेट रंगाच्या यंत्रणेला जोडली. घर भ्यायलेलं असेल तर सरडा काळा. घर निवांत असेल तर सरडा हिरवा.

मग कुत्राच का नाही ठेवला, असं कुणी विचारील. त्याचाही विचार झाला होता. पण कुत्रा प्रेम करतो, आणि प्रेम करणाऱ्याची साक्ष पक्की धरता येत नाही. सरडा कुणाचाच नसतो. म्हणून बालहित लवादानं सरड्याची नेमणूक केली. पूर्वी समुपदेशक घरी येत, आईबाप त्यांना चहापोहे देत आणि एकमेकांकडे बघून हसत. समुपदेशकाला गंडवता येतं. वासाला गंडवता येत नाही. तेव्हा दोन्ही घरी एकेक सरडा द्यायचा, रुळायला वेळ द्यायचा, आणि ज्या घरचा सरडा निवळेल त्या घरी मूल द्यायचं, अशी सुटसुटीत पद्धत पडली.

एक बारीकशी अडचण होती. हा वास ज्या ग्रंथींतून मुख्यतः येतो त्या वयात आल्यावरच कामाला लागतात. म्हणजे बालहित लवादाच्या सरड्याला बालकाचा वास येत नव्हता. लवादानं यावर सखोल विचार केला आणि ही अडचण नसून सोय आहे असा निष्कर्ष काढला.

* * *

केतकीनं सरड्याला रुळवण्याचा विडा उचलला. दिव्याची उंची बदलली. जास्वंदीची धुळकट पानं ओल्या फडक्यानं पुसली. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना जुना पडदा लावला, कारण सगळीकडून दिसणारी जागा सरड्याला घर वाटत नाही. मिक्सर गॅलरीत नेला. आणि घरात ओरडणं बंद केलं.

शैलजाबाईंचा प्रश्न नव्हता. त्यांना ताण येत नसे, ताण देण्याची बाजू त्यांच्याकडे होती.

"आई, माझा डबा शाळेत राहिला," रेवती म्हणाली.

"राहू दे हं, राजा," केतकी म्हणाली आणि हसली.

रेवती थांबली. "तू मला राजा का म्हणतेस?"

"सहजच."

"गेल्या वेळी डबा राहिला तेव्हा तू मला काय म्हणाली होतीस आठवतंय? म्हणाली होतीस, डोकं तरी आणलंस का घरी?"

"ते चुकलं माझं."

"आई, आतमध्ये दीड पोळी पण आहे. शुक्रवारपासून."

केतकीच्या कानशिलावरची शीर टचटच उडायला लागली. "असू दे हं," ती म्हणाली, "उद्या धुऊ."

वर फांदीवर सरडा काकवीचा होता तो चिंचोक्याचा झाला.

"बघ," रेवती म्हणाली. "त्यापेक्षा ओरड ना. सायबाला कळतंय सगळं." सरड्याचं नाव तिनं सायब ठेवलं होतं.

केतकी ओरडली नाही. तिनं शाळेत बदललेल्या चपला, हरवलेली पट्टी आणि गणितातले सोळा मार्क, सगळं हसून पोटात घातलं. घरात इतकं गोड बोलणं सुरू झालं की शेजारच्या कलाकाकूंनी दारात येऊन हळूच विचारलं, "कोण सिरीयस आहे का हो घरात?" राग गिळला की तो पोटात जातो आणि तिथून घामावाटे बाहेर येतो, हे केतकीला शास्त्र म्हणून कळत होतं. उपयोग म्हणून काही नव्हता.

रविवारी रेवती रणधीरकडे जाऊन आली.

"पप्पांचा कसा आहे?" केतकीनं दुधाचं पातेलं पुसत, सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हिरवागार. कैरीसारखा."

"काय करतात ते त्याच्यासाठी?"

"काहीच नाही. तो कुठल्या खोलीत आहे तेपण त्यांना आठवत नव्हतं. आम्ही शोधला."

केतकीनं रणधीरला फोन लावला. रणधीर हा मनानं चांगला माणूस होता. त्याच्याविरुद्ध काही सांगा म्हटलं तर वकिलालाही सुचलं नव्हतं. त्याला कशाचंच काही वाटत नसे आणि लोक त्याला समजूतदार म्हणत.

"अगं, मी काहीच केलं नाही," तो म्हणाला. "ठेवला आणि ऑफिसला गेलो. आलो तर हिरवा."

"तुला भीती नाही वाटत?"

"कसली?"

"रेवती माझ्याकडंच राहिली तर?"

"मग सुट्टीत येईल की मस्कतला. बीचेस मस्त आहेत." त्यानं जरा काळजीनं विचारलं, "तुझा काळाच आहे का अजून? तू ना केतकी, फार मनाला लावून घेतेस. त्या मुक्या जिवाला त्रास होतो."

त्या आठवड्यात रातकिडे द्यायला मिरजकर आले तेव्हा केतकीनं त्यांना बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "साहेब, मला रेवती जाईल याची भीती वाटते म्हणून हा काळा पडतो. आणि हा काळा पडला की ती जाणार. मग मी काय करायचं?"

"भ्यायचं नाही," मिरजकर म्हणाले.

"ज्याला मूल गेल्याचं काही वाटत नाही त्याच्या घरचा सरडा हिरवा राहणार. याला काय म्हणायचं?"

"याला नोंद म्हणायची, मॅडम."

"पण भीती कशाची आहे ते बघाल की नाही?"

मिरजकरांनी कप बशीत ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्याही घरी दोन मुलं होती आणि सरडा नव्हता, याबद्दल ते मनातल्या मनात देवाचे आभार मानत. "कशाची ते सरडा सांगत नाही हो," ते म्हणाले. "आणि आमच्याकडं त्याचा रकानापण नाही."

* * *

पुढच्या आठवड्यात केतकी कामावर असताना घरच्या फोनवर मिरजकरांचा फोन आला. ते कुठल्याशा घाटात होते आणि आवाज तुटत होता.

"आजी, सोमवारी सकाळी पाहणीला येतोय. त्याच्या आत तेवढी सरड्याची शांत... करून घ्या."

तुटलेल्या जागी एक 'ता' होता. तो घाटात राहिला.

"काय करून घ्या?" शैलजाबाईंनी विचारलं.

"शांत... शांत! काय वाट्टेल ते करा, पण शांत झाली पाहिजे. नाहीतर मॅडमची केस गेली समजा."

शैलजाबाईंनी फोन ठेवला. ज्या घरात वास्तुशांत झाली, मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून मंगळाची शांत झाली, नवऱ्याच्या साठीला साठीशांत झाली, त्या घरात सरड्याची शांत राहून गेली होती. इतके दिवस आपल्या हे लक्षात कसं आलं नाही, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. सरकारला कळतं ते आपल्याला कळू नये! त्यांनी मोबाईलवर पंचांग उघडलं. पाल पडणे, सरडा चढणे, त्याचं फल आणि त्यावरची शांत, सगळं होतंच. त्यांनी पुराणिक गुरुजींना फोन लावला.

"सरडा अंगावर पडला की चढला, काकू?" गुरुजींनी विचारलं. "दोन्हीचं फल वेगळं आहे. डावीकडं की उजवीकडं?"

"कुणाच्या अंगावर नाही हो. कपाटावर बसलाय."

"मग शांत कशाला?"

"सरकारनं सांगितलंय."

"सरकारनं सांगितलंय तर करू," गुरुजी म्हणाले. "सोमवारी मी सकाळी मोकळाच आहे. गाईचं तूप तेवढं आणून ठेवा."

शैलजाबाईंनी केतकीला सोमवारच्या पाहणीचं तेवढं सांगितलं, शांतीचं काही सांगितलं नाही. मुलगी शास्त्र शिकलेली, उगाच फाटे फोडील. सोमवारी केतकी रेवतीला शाळेत सोडायला गेली. पाहणीसाठी तिनं रजा घेतली होती आणि परत येताना ती मुद्दाम रंकाळ्यावरून चालत आली. श्वास मोजून सोडला, खांदे सैल केले, मन रिकामं केलं. या एका सकाळपुरतं घाबरायचं नाही, असं ठरवून ती जिना चढली आणि तिला धूर दिसला.

हॉलच्या मधोमध हवनकुंड पेटलं होतं. गुरुजी तुपाची आहुती टाकत होते. शैलजाबाई नऊवारी नेसून पाटावर बसल्या होत्या आणि सरड्याला आशीर्वाद मिळावा म्हणून त्यांनी पडदा काढून पिंजरा कपाटावरून खाली आणून कुंडासमोर ठेवला होता. सरडा पिंजऱ्याच्या तळाशी चपटा होऊन पडला होता. तोंड उघडं. रंग तव्याचा.

"आई! काय चाललंय हे?"

"थांब, पूर्णाहुती राहिलीय," शैलजाबाई हात वर करून म्हणाल्या. "मध्ये बोलू नये."

"कुणी सांगितलं तुला हे करायला?"

"सरकारनं!"

आणि सरकार दारात उभंच होतं. मिरजकर बूट काढता काढता एका पायावर थांबले होते. त्यांनी कुंड पाहिलं, गुरुजी पाहिले, पिंजरा पाहिला.

"आजी," ते खोकत म्हणाले, "मी शांतता म्हणालो होतो."

"शांतच की ही."

"शांतता. ता."

"आमच्यात शांतच म्हणतात," शैलजाबाई म्हणाल्या. पण आवाज बसला होता. धूर त्यांच्या डोळ्यांत गेला होता की काय, त्यांनी पदर लावला.

केतकीनं धावत जाऊन पिंजरा उचलला आणि गॅलरीत नेला. पाण्याचा फवारा मारला. सरड्याचं पोट हलत होतं, तेवढंच. मिरजकर मागं येऊन उभे राहिले. त्यांना नोंद करावीच लागली.

"ही मधली पाहणी होती," ते म्हणाले. "अखेरची पुढच्या सोमवारी, दोन्हीकडं एकाच दिवशी. पण मॅडम, खरं सांगू का? असा धसका घेतलेला सरडा लवकर निवळत नाही. मनाची तयारी करा."

गुरुजींनी दक्षिणा घेतली नाही. एवढ्यावरून प्रसंग किती गंभीर होता हे लक्षात यावं.

"तुला सांगायचं तरी होतंस, आई," कुंड विझल्यावर केतकी म्हणाली. ओरडली नाही. सवय गेली होती.

"सांगितलं असतं तर करू दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणून नाही सांगितलं." मग कुंडातली राख भरत शैलजाबाई म्हणाल्या, "मलाच काय गं, नात जावी असं वाटतंय होय?"

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी रेवतीचे कपडे इस्त्री करत होती. गणवेशाच्या बाहीवर पेनाचा डाग होता. तो काढायला लिंबू आणावं म्हणून ती उठली आणि मध्येच थांबली. जून महिन्यात हा गणवेश लागणारच नव्हता. मस्कतच्या शाळेचा दुसरा असेल. डाग राहिला तरी चालेल.

हा विचार आला आणि तिच्या आत कुठंतरी एक गाठ सुटली. तिनं इस्त्री बंद केली आणि रणधीरला फोन लावला.

"घेऊन जा रेवतीला," ती म्हणाली. "माझी हरकत नाही. सोमवारी तुझ्याच बाजूनं लागणार आहे."

पलीकडं शांतता पसरली. ती शांतताच होती, 'ता' सकट.

"नक्की?" रणधीरनं विचारलं.

"नक्की."

"म्हणजे एकदम जूनपासून? कायमची?"

"तूच मागितली होतीस ना?"

"हो हो. मागितलीय की." तो घुटमळला. "तिला ताप वगैरे आला की तू काय देतेस? आणि ती रात्री दूध पिते ना अजून?"

"पीत नाही. कधीच पीत नव्हती."

"असं का," रणधीर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज जरा चिरका लागला.

संध्याकाळी रेवती शाळेतून आली तेव्हा केतकीनं तिला जवळ बसवलं. "तू पप्पांबरोबर मस्कतला जाणार आहेस बहुतेक. समुद्र आहे तिथं. मोठी शाळा आहे."

"तू सांगितलंस पप्पांना?"

"हो."

"न भांडता?"

"न भांडता."

रेवतीनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

केतकीला वाटलं होतं आपण रडू. रडू आलंही, पण पावसाळ्यात गळणारं छप्पर एकदाचं कोसळावं तसं झालं. आता कुठं भांडं ठेवायचं याची चिंता उरली नाही. ती त्या रात्री गाढ झोपली. बुधवारी तिनं फोडणीत जास्तीच्या मिरच्या टाकल्या, कारण रेवतीला तिखट चालत नाही म्हणून अकरा वर्षं ती मिळमिळीत खात आली होती आणि आता चव परत लावून घ्यायला हवी होती. गुरुवारी प्रयोगशाळेत एक मैत्रीण म्हणाली, "जूनमध्ये आम्ही सगळ्याजणी कूर्गला चाललोय. तुला कुठलं जमायला?" आणि केतकी म्हणून गेली, "जमेल की." म्हणाल्यावर तिला लाज वाटली. पण लाजेचा वास सरड्याला येत नव्हता. ते जनुक अजून कुठल्या प्राण्यात सापडलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी शैलजाबाई पिंजऱ्याखाली उभ्या राहून ओरडल्या, "केतकी! ये, लवकर ये!"

सरडा दिव्याखाली सगळ्यात उंच फांदीवर पाय ताणून बसला होता. शेपूट घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. रंग कोवळ्या केळीच्या पानाचा. त्यानं जीभ फेकली आणि पलीकडच्या पानावरचा रातकिडा घरच्या माणसाच्या ऐटीत गिळला.

"लागू पडली की नाही शांत?" शैलजाबाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "जरा उशिरा लागू पडली इतकंच. तूप भेसळीचं असणार."

केतकी सरड्याकडे बघत राहिली. तो का निवळला हे तिला कळलं होतं. नमुना डोळ्यासमोरच होता. "हो आई," ती म्हणाली. "तुझ्या शांतीनंच."

* * *

सोमवारी मिरजकर आले ते पेढे घेऊनच. लवादाच्या इतिहासात निरीक्षकानं पेढे आणल्याची ही पहिली वेळ असावी.

"तिकडं जाऊनच आलोय," त्यांनी खुर्चीत बसत सांगितलं. "काय झालं कळत नाही. घोरपडे साहेबांचा सरडा काळा ठिक्कर पडलाय. गेला पूर्ण आठवडा तस्साच. खात नाही, पीत नाही. साहेबांचापण चेहरा उतरलाय. मला विचारत होते, मुलींच्या शाळेचा ॲडमिशनचा फॉर्म बापाला भरता येतो का." त्यांनी मान वर करून कपाटावर पाहिलं आणि हातातलं यंत्र पिंजऱ्याला लावलं. यंत्रानं मंजूर असा आवाज केला. "आणि हा बघा! सुंदर. असा हिरवा मी नोकरीत पाहिला नाही. मुलगी तुमच्याकडं, मॅडम. अभिनंदन."

शैलजाबाईंनी मिरजकरांना दोन पेढे एकदम भरवले आणि तिसरा गुरुजींना पाठवायला बाजूला काढला. केतकीनं रेवतीला ओढून कुशीत घेतलं. गेले आठ दिवस ती जे गाठोडं बांधून माळ्यावर टाकत होती ते सगळं एकदम अंगावर आलं. कूर्ग, फोडणी, गणवेशावरचा डाग. ती हसत होती आणि रडत होती.

"आता हा परत कधी नेणार?" तिनं मिरजकरांना विचारलं.

"कोण, सरडा? तो आता तुमचाच. वापरलेला सरडा खातं परत घेत नाही. त्याला तुमच्या घराची सवय झाली ना." ते बूट घालत म्हणाले, "दहा-बारा वर्षं जगतो. सांभाळा."

मिरजकर गेले. शैलजाबाई पेढे वाटायला कलाकाकूंकडे गेल्या. हॉलमध्ये केतकी आणि रेवती राहिल्या. रेवतीनं पेढा खाल्ला नव्हता. तो तळहातावर तसाच होता.

"खा की," केतकी म्हणाली. "आनंद नाही झाला? इथंच राहायचं आता. माझ्याजवळ."

"झाला," रेवती म्हणाली. "आई, एक विचारू?"

"विचार ना."

"दोन्ही सायब फक्त मीच बघितलेत. तू पप्पांचा नाही बघितलास, पप्पांनी तुझा नाही." ती पेढ्याच्या कडा नखानं सारख्या करत होती. "पप्पांचा पहिल्यापासून हिरवा होता. मी येणार म्हणून तू फोन केलास आणि रविवारी गेले तर काळा. ते माझ्याशी इतकं गोड बोलत होते ना, मला राजा म्हणत होते."

केतकी तिच्याजवळ सरकून बसली.

"आणि आपला काळा होता. तू मला सांगितलंस ना, मस्कतला जा म्हणून? त्यानंतर हिरवा झाला." रेवतीनं मान वर केली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गणिताचं उत्तर बरोबर आहे का, असं विचारावं तशी ती विचारत होती. "म्हणजे मी जिथं नसणार तिथं तो हिरवा होतो. बरोबर ना?"

"नाही गं! तसं नाही!" केतकी उठून उभी राहिली. हे पोरीच्या डोक्यातून आत्ताच्या आत्ता काढलं पाहिजे. नाही काढलं तर ती समोर असेल, याच घरात जेवेल, झोपेल आणि तरी आपल्याला परत मिळणार नाही. "अगं, तू जाशील या भीतीनं तो काळा होता. तुझ्यासाठीच काळा होता! मी तुला सांगते, नीट ऐक..."

रेवती ऐकत नव्हती. ती कपाटावर बघत होती. केळीच्या पानासारख्या पाठीवर आधी एक तपकिरी पट्टा उमटला, मग दुसरा, मग पोटाकडून काळोख चढत गेला आणि बघता बघता हिरवं नावाला उरलं नाही.

"बघ," रेवती म्हणाली. "मी राहणार ठरलं, आणि लगेच."